विश्लेषण : उमरग्याच्या मुली, गणवेशातले बीटीएस आणि बंद पडलेले टिकटॉक… कोरिया, जपान, चीनच्या मनोरंजनामागे राजकारण कसे काम करते?

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुका. तारीख २७ डिसेंबर २०२४. तीन मुलींना शाळेच्या व्हॅनमधून जबरदस्तीने पळवून नेल्याचा फोन पोलिसांच्या मदतवाहिनीवर आला. पोलिसांनी ज्या मोबाइल क्रमांकाचा माग काढला, तो उमरगा-पुणे एसटीतून प्रवास करणाऱ्या एका महिलेचा निघाला. गाडी तोवर सोलापूर ओलांडून मोहोळच्या दिशेने गेली होती. मोहोळ बसस्थानकावर दुकान चालवणाऱ्या एका महिलेच्या मदतीने तिघींना गाडीतून उतरवून घेण्यात आले. पोलीस आणि पालक पोहोचेपर्यंत त्या तिच्याच दुकानात बसून होत्या.

अपहरण झालेच नव्हते. एक मुलगी ११ वर्षांची, दोघी १३ वर्षांच्या. पुण्यात जायचे, काम करून पैसे जमवायचे आणि दक्षिण कोरियाला जाऊन ‘बीटीएस’ या गायकांना भेटायचे, असा त्यांचा बेत होता. ही बातमी देशभर गाजली. समाजमाध्यमांवर थट्टाही झाली.

त्या थट्टेत एक गोष्ट राहून गेली. तिघी एसटीत बसल्या त्या दिवशी बीटीएसच्या सातपैकी पाच गायक गाणी म्हणत नव्हतेच. चौघे लष्करात होते आणि पाचवा पर्यायी सरकारी सेवेत. त्याच महिन्यात दक्षिण कोरियात लष्करी कायदा पुकारला गेला होता आणि राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगही चालवला गेला होता. मुलींच्या मोबाइलवरचा कोरिया आणि प्रत्यक्षातला कोरिया यांत एवढे अंतर होते. हे अंतर कसे तयार होते, हे समजून घ्यायचे तर कोरिया, जपान आणि चीन या तिन्ही देशांच्या राजकारणाकडे पाहावे लागते.

बीटीएसचे गायक लष्करात का गेले?

कोरियन युद्ध १९५० ते १९५३ या काळात झाले. ते थांबले शस्त्रसंधीने. शांतता करार आजवर झालेला नाही. त्यामुळे दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषांना साधारण दीड वर्ष लष्करी सेवा करावीच लागते.

यात सवलती आहेत. ऑलिम्पिक पदक किंवा आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक मिळवणारे खेळाडू, शास्त्रीय संगीत-नृत्याच्या ठरावीक स्पर्धांतील विजेते यांना सूट मिळते. फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिनला २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकामुळे ती मिळाली. पॉप गायकांना मात्र ती नाही. देशाचे नाव जगभर पोहोचवणाऱ्यांना सूट का नको, असा वाद तिथे अनेक वर्षे चालला. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलून नामवंत कलाकारांना वयाच्या तिशीपर्यंत सेवा लांबणीवर टाकण्याची मुभा दिली गेली. पूर्ण सूट नाहीच.

याचे कारण कायद्यापेक्षा समाजात आहे. ‘आमचा मुलगा जातो, मग यांचा का नाही?’ हा प्रश्न तिथे प्रत्येक घरात विचारला जातो. यू सुंग-जुन हा गायक २००२ मध्ये सेवेला जाण्याआधी अमेरिकेचा नागरिक झाला. लोक इतके संतापले, की त्याला देशात प्रवेशबंदी झाली. बीटीएसच्या कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये सातही जण सेवा करतील असे जाहीर केले, त्यामागे हा इतिहास आहे. सर्वांत मोठा जिन डिसेंबर २०२२ मध्ये दाखल झाला. जून २०२५ पर्यंत सगळे मोकळे झाले.

गंमत म्हणजे बीटीएसचे चाहते जगभर स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात. खरी आर्मी काय असते, हे त्यांना गायकांनी रजा घेतल्यावर कळले.

गाण्यांचा एवढा मोठा उद्योग कोरियात उभा कसा राहिला?

आज चकचकीत दिसणाऱ्या या देशात १९७० च्या दशकात पार्क चुंग-ही यांची लष्करी राजवट होती. पोलीस तरुणांच्या केसांची लांबी आणि मुलींच्या स्कर्टची उंची रस्त्यावर मोजत. १९७५ मध्ये शेकडो गाण्यांवर बंदी आली. लोकशाहीसाठीच्या आंदोलनानंतर १९८७ मध्ये थेट निवडणुका आल्या आणि १९९६ मध्ये गाण्यांची सरकारी पूर्वतपासणी बंद झाली. दार उघडले ते इथे.

धक्का दिला तो अर्थसंकटाने. १९९७ च्या अखेरीस कोरियाची तिजोरी रिकामी झाली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. कर्ज फेडण्यासाठी लोकांनी घरातले सोने सरकारला दिले. १९९८ मध्ये सत्तेवर आलेल्या किम दे-जुंग यांनी ठरवले, की जहाजे आणि मोटारींवर विसंबून चालणार नाही, गाणी आणि चित्रपटही निर्यातीचा माल आहेत. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगाला चालना देणारा कायदा झाला. जपानी वसाहतीच्या (१९१०-१९४५) कटू आठवणींमुळे जपानी गाणी-चित्रपटांवर असलेली बंदीही १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवली गेली.

देशाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटी, महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. घरच्या बाजारावर भागणार नव्हते. म्हणून कंपन्यांनी सुरुवातीपासूनच परदेशाकडे नजर ठेवली.

‘आयडल’ घडवण्याची पद्धत म्हणजे नेमके काय?

मराठवाड्यातील वाचकाला हे समजायला ‘लातूर पॅटर्न’ आठवला तरी पुरे. दहावीनंतर मुले गाव सोडून लातूरला खोली घेऊन राहतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्या आणि चाचण्या, शेवटी नीटमध्ये थोड्यांचाच नंबर लागतो. कोरियन मनोरंजन कंपन्यांत मुले अशीच बारा-तेराव्या वर्षापासून ‘ट्रेनी’ म्हणून दाखल होतात. नाच, गाणे, परदेशी भाषा, आहार, वजन यांचे वेळापत्रक असते. बहुतेक जण मंचापर्यंत पोहोचतच नाहीत.

ही पद्धत कोरियन शिक्षणातूनच आली आहे. तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजी श्रवणाचा पेपर सुरू असताना विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबवले जाते, इतके त्या परीक्षेला महत्त्व आहे. बीटीएसची २०१३ मधील पहिली गाणी याच दडपणावर होती. अभ्यासाने पिचलेल्या भारतातल्या मुलांना ती जवळची वाटली, यात नवल नाही.

कंपन्यांची पकडही घट्ट असते. २००९ मध्ये एका लोकप्रिय गटातील तिघांनी १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर सरकारी आयोगाने सात वर्षांची मर्यादा असलेला नमुना करार आणला. २०१९ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये सुली आणि गू हारा या दोन तरुण गायिकांचा सहा आठवड्यांच्या अंतराने मृत्यू झाला. दोघींनीही ऑनलाइन शिवीगाळ सोसली होती. सुलीच्या मृत्यूनंतर तिथल्या दोन मोठ्या संकेतस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखालील प्रतिक्रियांची सोयच बंद केली.

कोरियन मालिकांत गरीब-श्रीमंत दरी वारंवार का दिसते?

कारण ती तिथे आहे. ‘स्क्विड गेम’चा नायक मोटार कारखान्यातून काढलेला कामगार आहे. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी ही प्रेरणा २००९ मधील सँगयाँग मोटार कंपनीच्या कामगार कपातीवरून आणि संपावरून घेतल्याचे सांगितले आहे. पुढे २०११ मध्ये हीच कंपनी मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रने विकत घेतली होती. मालिकेचा दुसरा भाग आला २६ डिसेंबर २०२४ रोजी, उमरग्याच्या घटनेच्या आदल्या दिवशी.

अशा कलाकृती सत्तेला नेहमीच रुचत नाहीत. राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्या काळात सरकारविरोधी मानल्या गेलेल्या हजारो कलावंतांची काळी यादी तयार झाली होती. त्यांत दिग्दर्शक बोंग जून-हो यांचेही नाव होते. त्यांच्याच ‘पॅरासाइट’ने फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवले.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. सर्व प्रसारमाध्यमे लष्कराच्या नियंत्रणाखाली आणण्याचा आदेश निघाला. काही तासांतच संसदेने तो फेटाळला. पुढचे काही आठवडे कडाक्याच्या थंडीत तरुणी रस्त्यावर उतरल्या, त्या हातात मेणबत्त्यांऐवजी आपापल्या आवडत्या गटांच्या ‘लाइटस्टिक’ घेऊन. मैफलीतली गाणी आंदोलनात म्हटली गेली. यून यांच्यावर १४ डिसेंबरला महाभियोगाचा ठराव मंजूर झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ते पदावरून गेले. राजकारणाने घडवलेली गाणी उलट फिरून राजकारणातही उतरतात, याचे हे ताजे उदाहरण.

जपानच्या कार्टूनमध्ये राजकारण कुठे असते?

धाराशिवमधील आज विशी-पंचविशीत असलेली पिढी जपानला ओळखते ती डोरेमॉन आणि शिनचॅनमुळे, तेही हिंदीतून. पण जपानी मनोरंजनाची मुळे दुसऱ्या महायुद्धातील पराभवात आहेत. १९५२ पर्यंत जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता आणि अणुबॉम्बविषयी मोकळेपणाने लिहिण्यावर बंधने होती. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि २३ खलाशी आजारी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गॉडझिला’ आला. समुद्रातून उठून टोकियो पायदळी तुडवणारा तो राक्षस प्रेक्षकांना काय सांगत होता, हे वेगळे समजावण्याची गरज नव्हती.

डोरेमॉनचे चित्रकथेतील पदार्पण १९६९ च्या डिसेंबरमधले. नोबिताचे घर म्हणजे त्या काळातील जपानचे सरकारमान्य चित्रच : कचेरीत राबणारे वडील, घर सांभाळणारी आई, परीक्षेत शून्य मिळाल्याची भीती. पुढे २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनला ‘अ‍ॅनिमे राजदूत’ नेमले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या समारोपात तर पंतप्रधान शिंजो आबे स्वतः ‘मारिओ’च्या वेशात आले होते.

शिनचॅनबाबत पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही चित्रकथा १९९० मध्ये सुरू झाली ती मोठ्या माणसांसाठीच्या साप्ताहिकात. मोठ्यांच्या ढोंगाची थट्टा करणारे ते लेखन आपल्याकडे लहान मुलांच्या वाहिनीवर आले. माल एक, पण देश बदलला की त्याचा वाचक बदलतो.

जपानी समाजाची गप्प बसण्याची सवयही या उद्योगात दिसली. पुरुष गायकांचे गट घडवणाऱ्या जॉनीज या बलाढ्य कंपनीचे संस्थापक जॉनी कितागावा यांनी अनेक दशके अल्पवयीन मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये मान्य केले. तोवर ते हयात नव्हते. कुजबुज वर्षानुवर्षे होती. मोठ्या वाहिन्यांनी मात्र त्याकडे डोळेझाक केली होती.

चीनमध्ये काय वेगळे आहे?

कोरियात सरकार उद्योगाला बळ देते आणि अधूनमधून दटावते. चीनमध्ये काय दाखवायचे, याची शेवटची सही सरकारची असते. कला ही शेतकरी, कामगार, सैनिकांसाठी आणि पर्यायाने क्रांतीसाठी, हा सिद्धांत माओ झेडाँग यांनी मे १९४२ मध्ये येनान येथे मांडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चीनमध्ये सेवा करताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे निधन झाले. ते आपल्या शेजारच्या सोलापूरचे. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. भारत-चीन मैत्रीची आठवण काढायची वेळ आली की दोन्ही देशांचे नेते आजही कोटणिसांचे नाव घेतात.

अलीकडचे चित्र असे. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनने १८ वर्षांखालील मुलांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ हा एकच तास ठरवून दिला. त्याच सुमारास कलाकारांच्या लोकप्रियतेच्या क्रमवाऱ्यांवर बंदी आली. सप्टेंबरमध्ये ‘बायकी’ दिसणाऱ्या पुरुषांना पडद्यावरून हटवण्याचे आदेश निघाले. वर्षाला ठरावीक परदेशी चित्रपटांनाच कमाईत वाटा घेऊन प्रवेश मिळतो. आमिर खानच्या ‘दंगल’ला तो मिळाला तेव्हा २०१७ मध्ये त्याने चीनमध्ये हजार कोटी रुपयांहून अधिक कमावले.

दार बंद करायलाही वेळ लागत नाही. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा ‘थाड’ बसवण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर कोरियन मालिका आणि गायक चिनी पडद्यावरून दिसेनासे झाले.

याचा धाराशिवच्या मोबाइलशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. २९ जूनला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. शेताच्या बांधावर, एसटी स्थानकावर व्हिडीओ करून लाखो चाहते मिळवलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातील मुला-मुलींची खाती एका रात्रीत गेली. २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवरही बंदी आली. हा खेळ मुळात कोरियन, पण भारतात तो चिनी टेन्सेंट कंपनी चालवत होती. कोरियन कंपनीने टेन्सेंटला बाजूला केले आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन परतला. सीमेवरच्या संघर्षाने चिनी मनोरंजन मागे सरकले आणि कोरियन मनोरंजनाला जागा मोकळी झाली. बीटीएसची कंपनी हायबने २०२५ मध्ये मुंबईत शाखा उघडली, ती या वाढत्या बाजारासाठी.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. धाराशिवच्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा परिसरातून नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये ‘सैराट’ आणला, तो जातीच्या वास्तवातूनच. कोरियन तरुणांना ‘पॅरासाइट’ जसा आपला वाटला, तसाच आपल्याकडे ‘सैराट’.

पालकांनी आणि मुलांनी काय लक्षात ठेवावे?

उमरग्याच्या मुली मूर्ख नव्हत्या. त्यांना एक जग दाखवले गेले आणि ते त्यांना खरे वाटले. त्या जगात सरकारी धोरण, कंपनीचा करार, लष्करी सेवा, थकलेले ट्रेनी यांतले काही दिसत नाही, कारण ते दिसू नये अशीच त्याची रचना असते. मुलांच्या हातून मोबाइल हिसकावल्याने ते जग नाहीसे होत नाही. उलट ते गुपित होते. त्यापेक्षा ‘हे कोण आहेत, सध्या काय करतात, त्यांच्या देशात काय चालले आहे’ हे मुलांना विचारावे. बहुतेक मुलांना आपल्या आईवडिलांपेक्षा जास्त माहिती असते आणि ती सांगायला त्यांना आवडते.

धोका मात्र खरा आहे. अकरा-तेरा वर्षांच्या मुली पैसे नसताना पुण्याच्या स्थानकावर उतरल्या असत्या, तर पुढे काहीही होऊ शकले असते. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पालकांच्या संमतीशिवाय निघत नाही आणि कोरियासाठी व्हिसा लागतो. ही साधी माहिती घरात किंवा वर्गात कुणी दिली असती, तर कदाचित तिघी त्या एसटीत बसल्याच नसत्या. घर सोडलेले किंवा संकटात असलेले मूल दिसल्यास १०९८ या बालमदतवाहिनीवर किंवा ११२ वर फोन करता येतो.

आणि ज्यांना खरोखरच कोरिया-जपान गाठायचे आहे, त्यांच्यासाठी रस्ता पुण्यातूनच जातो, फक्त तो भाषेचा आहे. पुण्यात जपानी भाषा शिकवण्याची मोठी परंपरा आहे आणि जपानी भाषेची आंतरराष्ट्रीय परीक्षाही तिथे होते. रांजणगावला कोरियाच्या एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाई आली आहे, नगर जिल्ह्यात सुप्याजवळ जपानी उद्योगांसाठी वसाहत आहे. दुभाष्यांची आणि भाषा येणाऱ्या अभियंत्यांची गरज तिथे असते. कोरियन सरकार परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही देते.

तेव्हा मोहोळच्या स्थानकावरून परत आणलेल्या मुलींना आणि त्यांच्यासारख्या अनेकींना ‘कोरियाचे नाव काढू नको’ असे सांगण्यात फारसा अर्थ नाही. ‘जा, पण बारावी होऊ दे, भाषा शिकून जा’ असे सांगता येईल. त्या वयापर्यंत बीटीएसची गोडी राहील की नाही कुणास ठाऊक. शिकलेली भाषा मात्र कामाला येईल.